प्राण्यांच्या साहसकादंबऱ्या मोठेपणी कशा वाचाव्यात: कोणती आवृत्ती, कोणता क्रम, कशाकडे लक्ष

जॅक लंडनच्या 'द कॉल ऑफ द वाइल्ड'मधला बक हा कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाच्या ऐसपैस वाडीतून चोरून उत्तरेला विकलेला धिप्पाड कुत्रा. बर्फातल्या पहिल्याच रात्री तो झोपायला जागा शोधत हिंडतो. तंबूत शिरतो, तर माणसं शिव्या घालून, भांडी फेकून त्याला हाकलतात. बाहेर हाडं गोठवणारा वारा, आणि सोबतचे कुत्रे कुठंच दिसत नाहीत. कुडकुडत फिरताना अचानक त्याच्या पायाखालचा बर्फ खचतो, आत काहीतरी वळवळतं आणि गरम हवेचा झोत नाकाला लागतो. बर्फाच्या थराखाली अंगाचं वेटोळं करून एक कुत्रा निवांत झोपलेला असतो. बकला उलगडा होतो. तो स्वतःसाठी खड्डा उकरतो, आत शिरतो, आणि अंगाच्याच उबेनं ती जागा भरून जाते.

या प्रसंगात मारामारी नाही, पाठलाग नाही. एका शरीरानं नव्या जगात जगायचं कसं हे शिकणं एवढंच आहे. माझ्या मते या सगळ्या साहित्यप्रकारातलं खरं साहस हेच आहे, आणि कापून छोट्या केलेल्या आवृत्त्यांतून आधी हेच गळतं. म्हणून मोठेपणी या पुस्तकांकडे वळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं एकच: पूर्ण पुस्तक मिळवा आणि सावकाश वाचा. बाकीच्या पायऱ्या त्यानंतरच्या.

जुनी ओळख बाजूला ठेवा

आपल्यापैकी बहुतेकांची ही ओळख पडद्यावरून झालेली असते. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर लागणारा मोगली, डिस्नेचा बॅम्बी, नाहीतर शाळेच्या ग्रंथालयातलं मोठ्या अक्षरातलं चित्रमय पुस्तक. त्यामुळे 'हे लहान मुलांचं' असा शिक्का मनात पक्का बसतो. तो पुसायचा तर या पुस्तकांचे मूळ वाचक कोण होते ते पाहा. जॅक लंडनची बकची कथा 1903 साली 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या अमेरिकन साप्ताहिकात क्रमशः आली, म्हणजे घरातली मोठी माणसं ती वाचत होती. फेलिक्स साल्टेनचा 'बॅम्बी' व्हिएन्नातल्या एका प्रतिष्ठित दैनिकात छापला गेला, 1923 साली पुस्तकरूपानं आला, आणि 1936 मध्ये नाझी राजवटीनं त्यावर बंदी घातली. अ‍ॅना स्यूएलनं 'ब्लॅक ब्यूटी' लिहिली ती घोडे हाकणाऱ्या, पाळणाऱ्या माणसांनी वाचावी म्हणून. मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या 'द इयरलिंग'ला 1939 साली कादंबरीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. यातलं एकही पुस्तक मुळात बालवाङ्मयाच्या कपाटापुरतं नव्हतं.

हातातली प्रत पूर्ण आहे का, ते तपासा

दुकानात किंवा ऑनलाइन एकाच नावाची दहा-बारा पुस्तकं दिसतात. त्यांतली निम्मी तरी संक्षिप्त असतात आणि बऱ्याचदा ते मुखपृष्ठावर ठळकपणे लिहिलेलं नसतं. 'अब्रिज्ड', 'रीटोल्ड', 'अ‍ॅडाप्टेड', मराठीत 'संक्षिप्त', 'रूपांतर', 'मुलांसाठी' असे शब्द आतल्या पानावर शोधा. ते नसले तरी अनुक्रमणिका सगळं सांगते. 'द कॉल ऑफ द वाइल्ड'ची पूर्ण प्रत म्हणजे सात प्रकरणं, आणि पहिलं प्रकरण चार ओळींच्या कवितेनं उघडतं. लंडनचीच 'व्हाइट फँग' पाच भागांत आहे. 'ब्लॅक ब्यूटी'ची प्रकरणं 49, पण फार छोटी. सशांवरच्या 'वॉटरशिप डाउन'ची 50, शिवाय उपसंहार. रुडयार्ड किपलिंगच्या 'द जंगल बुक'मध्ये सात कथा हव्यात आणि कथांच्या सोबतीला कविता हव्यात. फक्त मोगलीच्याच कथा असतील तर ते निवडक पुस्तक समजा.

खर्चाची काळजी नको. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमुक्त होतं. स्यूएल 1878 मध्ये गेली, लंडन 1916 मध्ये, किपलिंग 1936 मध्ये, साल्टेन 1945 मध्ये. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर लंडन, किपलिंग आणि स्यूएल यांची ही पुस्तकं पूर्ण आणि मोफत मिळतात, मोबाइलवर उतरवून वाचता येतात. लिब्रिव्हॉक्सवर त्यांची ध्वनिमुद्रणं आहेत. इंग्रजी वाचनाचा वेग कमी असेल तर कानात मुद्रण लावून डोळ्यांनी मजकूर वाचा, लांब वाक्यं अडत नाहीत. छापील प्रतच हवी असेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथांवर जुन्या प्रती मिळू शकतात. वॉटरशिप डाउन मात्र विकतच घ्यावं लागेल किंवा ग्रंथालयातून आणावं लागेल, कारण त्याचा लेखक रिचर्ड अ‍ॅडम्स 2016 मध्ये वारला.

प्राण्याला किती माणूस केलंय?

पुस्तक निवडण्याआधी हा प्रश्न विचारा. आपल्याला काय रुचेल ते यावरच ठरतं.

एका टोकाला 'ब्लॅक ब्यूटी' आहे. तिथं घोडा स्वतः 'मी' म्हणून आपली जन्मकथा सांगतो. मग किपलिंग, साल्टेन आणि अ‍ॅडम्स यांचे प्राणी. ते आपसात बोलतात, कायदे करतात, दंतकथा सांगतात, पण त्यांची भूक, भीती, नाक आणि पाय प्राण्याचेच राहतात. त्यापलीकडे लंडन. त्याचा कुत्रा एक शब्दही बोलत नाही. लेखक त्याच्या आत शिरून आपल्याला दाखवतो, आणि बक हा विचार करत नव्हता, तो फक्त कृती करत होता, असं पुन्हा पुन्हा बजावतो. अगदी दुसऱ्या टोकाला हेन्री विल्यमसनचा 'टार्का द ऑटर'. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या नद्यांमधल्या एका पाणमांजराचं हे आयुष्य जवळजवळ पूर्णपणे बाहेरून, पाण्याच्या पातळीवरून पाहिलेलं आहे.

बोलणारे प्राणी नकोसे वाटत असतील तर लंडनपासून सुरू करा. पुराणकथा, पंचतंत्र, कहाण्या यांत रमणारं मन असेल तर किपलिंग किंवा अ‍ॅडम्स लगेच आपलासा होईल. जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' या यादीत मी मुद्दाम धरत नाही. तिथले प्राणी राजकारणातल्या माणसांचे मुखवटे आहेत, डुकराचं डुक्कर असणं त्यात महत्त्वाचं नाही.

पहिला आठवडा: बक

सुरुवातीला याहून चांगलं पुस्तक नाही. छोटं आहे, भाषा घट्ट आहे. सात प्रकरणं, सात संध्याकाळी. एका बैठकीतही संपेल, पण तसं करू नका.

वाचायला बसण्यापूर्वी नकाशा उघडा. 1897 मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइक नदीकाठी सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि हजारो माणसं उत्तरेला धावली. माल ओढायला दांडगे, दाट केसांचे कुत्रे हवे होते, त्यामुळे कुत्र्यांच्या चोऱ्या सुरू झाल्या. लंडन स्वतः 21 वर्षांचा असताना त्या गर्दीत गेला होता. सोनं फारसं मिळालं नाही, स्कर्व्ही या आजारानं दात हलायला लागले, आणि तो परतला तो या कथांचा ऐवज घेऊन. नकाशावर डायी, चिलकूट खिंड, लेक बेनेट, लेक लाबार्ज आणि डॉसन ही ठिकाणं शोधून ठेवा. बकचा बराचसा प्रवास याच वाटेवर होतो. आपल्यापैकी अनेकांनी बर्फ पाहिलेलाच नसतो, त्यामुळे ही तयारी उपयोगी पडते.

आता वाचताना पोटाकडे आणि पंजांकडे लक्ष ठेवा. गाडी ओढणाऱ्या बकला दिवसाला दीड पौंड सुकवलेला सामन मासा मिळतो, म्हणजे पाऊण किलोही नाही. इतर कुत्र्यांना एकच पौंड. ते त्या जगण्यातच जन्मलेले, त्यांना तेवढं पुरतं. बकची भूक कधीच भागत नाही. तो चोरायला शिकतो. लंडन इथं थांबून सांगतो की दक्षिणेतल्या उबदार घरात शिकलेली नीती इथं जीव घेईल. मोठ्या वयात हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण आपणही परिस्थितीपुढे काय काय सोडून देतो हे तोवर आपल्याला कळलेलं असतं. त्याचे पंजे इतरांसारखे कणखर नसतात, तेव्हा गाडीवान फ्रांस्वा आपल्याच मोकासिन जोड्याच्या वरच्या चामड्यातून त्याच्यासाठी चार बूट शिवतो. मग एका सकाळी फ्रांस्वा ते घालायला विसरतो आणि बक पाठीवर पडून चारही पाय हवेत धरून अडून बसतो. सगळ्या कठोर पुस्तकात हा एवढाच हसवणारा क्षण आहे, तो चुकवू नका.

पाचव्या प्रकरणात हॅल, चार्ल्स आणि मर्सिडीज ही तीन अडाणी शहरी माणसं येतात. सामान अवाढव्य, कुत्रे चौदा, आणि चौदा कुत्र्यांचं खाणं एका घसरगाडीवर मावत नाही हे साधं गणित कुणाला सुचत नाही. हे प्रकरण संथपणे वाचा. क्रौर्य दुष्टपणातून येतं तसंच ते अज्ञानातून आणि हट्टातूनही येतं, हे इतक्या नेमकेपणानं दाखवणारी पानं थोडी आहेत. त्यानंतर बकला वाचवणारा जॉन थॉर्न्टन येतो, हजार पौंडांचा भार शंभर यार्ड ओढण्याची पैज येते, आणि मग जंगल.

शेवटाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. लंडननं तिथं 'यीहॅट' नावाची एक आदिवासी जमात आणली आहे. ती त्याच्या कल्पनेतली आहे, आणि तिचं चित्रण त्या काळच्या गोऱ्या लेखकाच्या नजरेचं, एकरंगी आहे. ते पाहून पुस्तक मिटू नका, पण ते नजरेआडही करू नका.

बक आवडला तर लगोलग 'व्हाइट फँग' घ्या. ती 1906 ची, आणि प्रवास उलटा: रानात जन्मलेला, बराचसा लांडगा असलेला जीव माणसाकडे येतो. तिची सुरुवात, म्हणजे शवपेटी ओढत नेणारी दोन माणसं आणि दर रात्री जवळ सरकणारा लांडग्यांचा कळप, ही स्वतंत्र भयकथा म्हणूनही श्रेष्ठ आहे. मधला भाग थोडा लांबतो.

मग वैनगंगेकाठी

मराठी वाचकासाठी 'द जंगल बुक' परक्या देशातलं नाही. मोगलीचं रान मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरांत आहे आणि त्याची नदी वैनगंगा. तीच पुढे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीतून वाहत वर्धेला मिळते आणि प्राणहिता होते. आजचा पेंच व्याघ्रप्रकल्प दोन्ही राज्यांत पसरलेला आहे. किपलिंगचा जन्म मुंबईचा, 1865 चा. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत, घर त्याच आवारात. मात्र ही पुस्तकं त्यानं लिहिली ती अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत, आणि सिवनीचं रान त्यानं उभं केलं ते मुख्यतः इतरांच्या वर्णनांवरून.

पुस्तकं दोन आहेत, 1894 चं आणि 1895 चं. मोगलीच्या कथा दोन्हींत विखुरलेल्या आहेत, पहिल्यात तीन आणि दुसऱ्यात पाच. छापील क्रमानं गेलात तर काळ मागे-पुढे होतो. मी सुचवते तो क्रम असा: 'मोगलीज ब्रदर्स', 'काज हंटिंग', 'हाउ फिअर केम', 'टायगर! टायगर!', 'लेटिंग इन द जंगल', 'द किंग्ज अँकस', 'रेड डॉग', आणि शेवटी 'द स्प्रिंग रनिंग'. आठ कथा अशा वाचल्या की ती एक सलग कादंबरी होते: दत्तक गेलेल्या मुलाची, जो कुठल्याच एका घराचा पूर्णपणे होऊ शकत नाही.

'हाउ फिअर केम' ही दुष्काळाची कथा. वैनगंगा आटते, पात्रातला एक खडक उघडा पडतो, आणि हत्ती जाहीर करतो की आता पाण्यावर शिकार नाही. हरणं आणि वाघ एकाच धारेला तोंड लावतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात आटत चाललेला पाणवठा ज्यानं पाहिला आहे त्याला यातलं प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटेल. 'रेड डॉग'मध्ये दख्खनवरून रानकुत्री, म्हणजे आपले कोळसुंदे, टोळधाडीसारखे वर चढतात, आणि लांडग्यांचा कळप वाचवण्यासाठी मोगली त्यांना आग्यामाशांच्या कड्याकडे पळवत नेतो. लढाईचं इतकं वेगवान आणि इतकं दुःखी वर्णन किपलिंगनं दुसरीकडे क्वचितच केलं असेल. सिनेमात खलनायक झालेला का अजगर इथं मोगलीचा गुरू आहे. ही लढाई कशी जिंकायची ते तोच सांगतो.

किपलिंगचे प्राणी जुन्या धाटणीच्या इंग्रजीत बोलतात, त्यामुळे पहिली दहा-पंधरा पानं अडखळायला होतं. मनातल्या मनात ते संवाद आपल्या भाषेतल्या 'तू'मध्ये वाचा, लय सापडते. साम्राज्यवादी किपलिंगही या पानांत आहे. गावकरी अंधश्रद्ध, लोभी, आणि मोगलीला मुलासारखं मानणाऱ्या, संकटात सापडलेल्या मेसुआला आसरा मिळतो तो इंग्रजांकडे. 'लेटिंग इन द जंगल'मध्ये मोगली हत्तींकरवी सगळं गाव उद्ध्वस्त करवतो. तो सूड वाचताना मी दर वेळी अस्वस्थ होते, आणि ही अस्वस्थता वाचनाचाच भाग मानते.

मोगलीशिवायच्या कथांपैकी 'रिक्की-टिक्की-टावी' अर्थातच वाचा. मोठ्यांसाठी खास शिफारस मात्र 'द अंडरटेकर्स'ची. एक म्हातारी मगर, एक कोल्हा आणि एक गरुड ढोक नदीकाठी गप्पा मारतात, विषय 1857 मध्ये नदीतून वाहत आलेली प्रेतं. मुलांच्या पुस्तकात ही कथा कशी काय आली, असं वाटावं इतकी ती काळी आहे.

'वॉटरशिप डाउन' कसं पार करायचं

सशांवरची जाडजूड कादंबरी, असं म्हटलं की लोक हसून पुढे जातात. ते नुकसान करून घेतात. इंग्लंडच्या बर्कशायरमध्ये सशांची एक वसाहत घरबांधणीखाली जाणार असते. फायव्हर नावाच्या एका अशक्त सशाला त्याचं भय आधीच जाणवतं, आणि त्याचा भाऊ हेझल मूठभर सशांना घेऊन निघतो. पुढचे सगळे प्रश्न नेतृत्वाचे आहेत: थकलेल्यांना पुढे कसं न्यायचं, आपल्यापेक्षा बलवान सहकाऱ्याला सोबत कसं ठेवायचं, सुखासीन पण पोखरलेल्या वसाहतीचा मोह कसा ओळखायचा. तिसऱ्या भागात जनरल वुंडवर्टची लष्करी शिस्तीची वसाहत येते, तिथून पुढे पुस्तक खाली ठेवणं कठीण.

अडचण पहिल्या शंभर पानांत असते. पात्रं खूप, सशांचे स्वतःचे शब्द, आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर दुसऱ्या ग्रंथांतलं अवतरण. माझा उपाय: अवतरणं पहिल्या वाचनात सोडा. सशांचे शब्द पाठ करू नका, संदर्भानं कळतात. मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलनं फक्त पाच नावं लिहा: हेझल, फायव्हर, बिगविग, ब्लॅकबेरी, डँडेलायन. डँडेलायन मधूनमधून एल-अहरायरा या सशांच्या आदिपुरुषाच्या गोष्टी सांगतो. घाई असली तरी त्या गाळू नका, पुढच्या डावपेचांची बीजं त्यांत आहेत.

अ‍ॅडम्स सरकारी नोकर होता. गाडीतल्या प्रवासात दोन मुलींना सांगितलेली ही गोष्ट त्यानं लिहून काढली, अनेक प्रकाशकांनी नाकारली, आणि 1972 साली एका छोट्या प्रकाशकानं छापली. सशांच्या सवयींसाठी त्यानं आर. एम. लॉक्ली या निसर्गअभ्यासकाच्या सशांवरच्या पुस्तकाचा आधार घेतला होता.

मराठीत वाचायचं तर

दोन पुस्तकं, आणि दोन्ही पहिल्या प्रतीची.

'पाडस' म्हणजे 'द इयरलिंग'चा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मौजेनं काढलेला. फ्लॉरिडाच्या झुडपी रानातलं बॅक्स्टर कुटुंब, बारा वर्षांचा ज्योडी, आणि त्यानं सांभाळलेलं हरणाचं पिल्लू. अमेरिकन खेड्याची बोली मराठीत आणताना पटवर्धनांनी जे साधलं आहे ते अनुवाद करू पाहणाऱ्या प्रत्येकानं अभ्यासावं. एक तयारी ठेवा: पाडस कथेत बऱ्याच उशिरा येतं. तोवर अस्वलाची शिकार, साप, शेजाऱ्यांशी भांडणं, मक्याची शेती असं सगळं सावकाश उलगडतं. या पानांची घाई करू नका. एक वाढतं हरीण आणि एका गरीब कुटुंबाचं वर्षभराचं धान्य यांच्यातला पेच शेवटी समोर येतो, तेव्हा त्या धान्याची किंमत तुम्हाला आतून कळलेली असायला हवी. ती याच पानांतून कळते.

दुसरं व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. वानरांच्या टोळ्यांमधली ही छोटी कादंबरी. तिला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टोळीची सत्ता एका नराकडून दुसऱ्याकडे कशी जाते आणि त्या उलथापालथीत माद्यांचं आणि पिल्लांचं काय होतं, हे माडगूळकर कमीत कमी शब्दांत दाखवतात. लंडनच्या आधी वाचलंत तरी चालेल, पण नंतर वाचलंत तर दोघांची तुलना करण्यात वेगळाच आनंद आहे. लंडन आवाज चढवतो, माडगूळकर चढवत नाहीत. वानरांच्या वर्तनाचा शास्त्रीय अभ्यासही आपल्या शेजारीच झाला होता: युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं साठच्या दशकात धारवाडच्या रानात, टोळी जिंकणारा नवा नर पिल्लांना मारतो हे नोंदवलं.

इंग्रजी पुस्तकांचे मराठी अनुवाद घेताना आतल्या पानावर 'अनुवाद' आहे की 'रूपांतर' ते पाहा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्थांत चौकशी केलीत तर दुकानांतून केव्हाच गेलेले अनुवादही मिळू शकतात. परदेशात असाल तर 'पाडस'ची प्रत भारतातून येणाऱ्या कुणाकडे मागवून ठेवा.

'ब्लॅक ब्यूटी' हाताशी ठेवा

लोकल किंवा बसमध्ये वाचायला हे उत्तम, दोन-चार पानांची प्रकरणं. 1877 साली आली. लहानपणीच्या दुखापतीमुळे स्यूएलला नीट चालता येत नसे, घोडागाडीवर तिचं जगणं अवलंबून होतं. घोड्याची मान दिमाखात वर दिसावी म्हणून ताणून बांधायचा लगाम त्याला किती यातना देतो, हे तिनं घोड्याच्याच तोंडून सांगितलं, आणि ती प्रथा मागे पडण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. लंडन शहरातल्या भाड्याच्या गाड्यांची प्रकरणं विशेष लक्षपूर्वक वाचा. तिथं घोडा आणि गाडीवान दोघंही एकाच व्यवस्थेत पिळले जातात.

शंका घेत वाचा

हे खरंच असं होतं का? हा प्रश्न 1903 मध्येच विचारला गेला. जॉन बरोज या अमेरिकन निसर्गलेखकानं प्राण्यांच्या कथा रंगवून सांगणाऱ्या लेखकांवर सडकून टीका केली, त्यात अर्नेस्ट थॉम्पसन सीटनही होता. 1907 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट या वादात उतरले आणि त्यांनी जॅक लंडनच्या 'व्हाइट फँग'मधल्या झुंजीवर आक्षेप घेतला. लंडननं 1908 मध्ये उत्तर दिलं की प्राण्यांना माणूस बनवण्याविरुद्धच आपण लिहीत आलो आहोत.

मोठ्या वाचकासाठी हा वाद फार उपयोगाचा आहे. एक वही करा आणि प्रत्येक पुस्तकासाठी दोन-तीन गोष्टी टिपा: प्राण्याला या पानात काय वास येतोय, काय ऐकू येतंय, माणूस कुठून आणि कशाच्या रूपात येतोय, आणि लेखकानं प्राण्याला असं काय दिलंय जे त्याच्याकडे असणं शक्य नाही. मग एखादी बाब ताडून पाहा. उदाहरणार्थ, किपलिंगचे रानकुत्रे भयंकर आहेत, पण पेंच, ताडोबा, नागझिऱ्यात दिसणारी रानकुत्री माणसाच्या वाटेला जात नाहीत, आणि त्यांचे कळप सहसा लहान असतात. अ‍ॅडम्सच्या कथेत माद्या बराच काळ बाजूला राहतात, यावरही वाचकांनी योग्य आक्षेप घेतले आहेत. चूक सापडली म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. लेखकानं कुठं निरीक्षण थांबवून कल्पना सुरू केली ती रेघ आपल्याला दिसू लागते.

मुलांना द्यायचं असेल तर

या पुस्तकांत प्राणी मरतात. सोन्याच्या वाटेवर कुत्रे मरतात, 'ब्लॅक ब्यूटी'तली जिंजर मरते, 'पाडस'चा शेवट तर सांगतच नाही. म्हणून आधी स्वतः पूर्ण वाचा, मग मूल पाहून ठरवा. दहाच्या आतल्या मुलांना 'रिक्की-टिक्की-टावी' आणि 'टूमाय ऑफ द एलिफंट्स' मोठ्यानं वाचून दाखवा, मराठीत सांगत सांगत. बारा-तेराच्या पुढे 'व्हाइट फँग' चालेल. घरात नुकताच एखादा पाळीव प्राणी गेला असेल तर थोडे महिने थांबा.

त्यानंतर

'बॅम्बी' मी दुसऱ्या टप्प्यात ठेवते. पानगळीत फांदीवर उरलेल्या शेवटच्या दोन पानांचा संवाद, आणि म्हातारा हरीणराज बॅम्बीला मेलेला माणूस दाखवून 'हाही आपल्यासारखाच मरतो' हे समजावतो तो प्रसंग, यांसाठी ते वाचायलाच हवं. सीटनच्या 1898 च्या कथासंग्रहातली लोबो लांडग्याची कथा एका दुपारी होते. धनगोपाल मुखर्जींचं 'गे-नेक' हे कोलकात्यातल्या एका कबुतराचं पुस्तक, जे पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर निरोप नेतं. 1928 चं न्यूबेरी पदक त्याला मिळालं, आणि भारतीय वाचकांत ते जितकं माहीत असायला हवं तितकं नाही.

'टार्का' सगळ्यांत शेवटी. त्यात नेहमीच्या अर्थानं कथानक नाही, झाडांची, पाणगवतांची, ओढ्यांची स्थानिक नावं पानोपानी आहेत, आणि वाक्यं दाट आहेत. शब्दकोश घेऊन बसू नका. टॉ आणि टॉरिज या दोन नद्यांचा नकाशा शेजारी ठेवा आणि एका वेळी दहाच पानं वाचा. अनोळखी नाव आलं तर ते झाड आहे, मासा आहे की पक्षी, एवढंच वाक्यावरून ओळखा आणि पुढे चला.